चारशें तेरा चेंडू

स्त्रियांच्या सॉफ्टबॉलला ऑलिंपिकमध्यें १९९६ सालीं प्रवेश मिळाला आणि पहिलीं तिन्ही सुवर्णपदकें अमेरिकेनेंच नेलीं. २००५ सालीं ऑलिंपिक समितीपुढें या खेळाचा प्रश्न आला. अनुकूल व प्रतिकूल मतें सारखींच, ५२-५२ पडलीं. बहुमताअभावीं खेळ वगळला गेला. अमेरिकेपुढें कोणी टिकत नाहीं, असें कारण पुष्कळांनीं सांगितलें. एक विद्यार्थी नेहमीं पहिला येतो म्हणून परीक्षाच बंद करावी, तसाच हा न्याय!

निरोपाची स्पर्धा २००८ सालीं बीजिंग येथें झाली. २० ऑगस्ट रोजीं जपानच्या युकिको उएनो हिनें एकाच दिवशीं दोन सामन्यांत चेंडूफेक केली. अमेरिकेशीं नऊ डावांत १-४ अशी हार. नंतर ऑस्ट्रेलियाशीं बारा डाव झुंजून ४-३ असा जय. एरव्हीं सामना सात डावांचाच असतो. त्या दिवशीं तिनें ३१८ चेंडू फेकले, आणि दुसऱ्या दिवशीं अंतिम सामन्यांत आणखी ९५. जपाननें अमेरिकेस ३-१ असें हरविलें; अमेरिकेची ऑलिंपिकमधील सलग २२ विजयांची मालिका तेथें तुटली.

२०२१ सालीं टोकियो येथें हा खेळ परत आला. अंतिम सामना पुन्हां याच दोन संघांत झाला. जपाननें तो २-० असा जिंकला; शेवटच्या डावांत चेंडू होता तो ३९ वर्षांच्या उएनोच्याच हातीं.