बंदरावरचा नकाशा आणि १८८४ चा मोहरम

माझा एक जुना विद्यार्थी पर्यटक जहाजावर केबिन साफ करण्याचे काम करतो. कोकणातल्या खाडीकाठच्या गावचा मुलगा. आजोबा आगबोटीवर खलाशी होते, वडील आखातात, हा क्रूझवर. गेल्या हिवाळ्यात त्याचे जहाज कॅरिबियन समुद्रात त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेन बंदराला एक दिवस थांबले. त्याला चार तासांची सुट्टी मिळाली. प्रवाशांना वाटलेल्या सूचनापत्रकाचा आणि नकाशाचा फोटो त्याने मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. खाली एवढेच लिहिले होते : "सर, इथे बॉम्बे स्ट्रीट आहे. जाऊ का?"

कागदावरचा नकाशा शहराच्या मध्यावरच संपत होता. बॉम्बे स्ट्रीट त्याला फोनवर सापडला होता.

सूचनापत्रक शहाणपणाचे होते, हे आधी मान्य करतो. दागिने घालून फिरू नका. एकटे जाऊ नका. बंदरावरचीच परवान्याची टॅक्सी घ्या. तिच्या नंबराची सुरुवात 'एच' अक्षराने होते. लष्करी छापाचे कपडे घालू नका. त्या देशात सामान्य माणसाला ते घालायला कायद्याने बंदी आहे. जहाज सुटण्याच्या बऱ्याच आधी परत या. लॅव्हेंटिल, बीथम, सी लॉट्स या वस्त्यांत पाऊल टाकू नका. अमेरिकेचे परराष्ट्र खातेही आपल्या कर्मचाऱ्यांना याच वस्त्यांची मनाई करते. टोळ्या आणि बंदुका यांचा तिथला त्रास खरा आहे. ३० डिसेंबर २०२४ रोजी सरकारला त्यासाठी आणीबाणी जाहीर करावी लागली. म्हणून मी त्याला लिहिले, "दोघा-तिघांनी मिळून जा, उजेड असताना जा, आणि चहा पिऊन परत ये."

पण मुलगा गेल्यावर मी तो नकाशा बराच वेळ पाहत बसलो. कुठे जावे आणि कुठे जाऊ नये, ही रेघ या बंदरावर प्रथम कोणी ओढली?

त्रिनिदादमध्ये १८३४ साली गुलामगिरी कायद्याने संपली आणि १८३८ साली प्रत्यक्षात. सुटलेली माणसे शहराच्या पूर्वेकडच्या टेकड्यांवर झोपड्या बांधून राहिली. तेच लॅव्हेंटिल. जगाला स्टीलपॅन नावाचे वाद्य देणारी वस्तीही हीच. तेलाची रिकामी पिंपे ठोकून, त्यांतून सूर काढून, १९३० आणि ४० च्या दशकांत इथल्या गरीब पोरांनी ते घडवले. आज ते त्रिनिदादचे राष्ट्रीय वाद्य आहे आणि जहाजाच्या स्वागताला धक्क्यावर वाजते. ज्या वस्तीत जाऊ नका म्हणतात, तिचेच वाद्य प्रवाशाला उतरताना ऐकू येते.

गुलामगिरीच्या काळात याच शहरात आफ्रिकेतून आणलेल्या मँडिंगो मुसलमानांची एक जमात होती. योनस मोहम्मद बाथ हे त्यांचे पुढारी. या लोकांनी पै-पै साठवून आपल्या माणसांची सुटका विकत घेतली आणि १८३०च्या दशकात ब्रिटिश राजाकडे अर्ज केले की, आम्हाला आमच्या मुलखात परत पाठवा. अर्ज नाकारले गेले. म्हणजे कॅरिबियनमधला इस्लाम हिंदुस्थानातून आला हा आपल्याकडचा समज अर्धवट आहे. आपण उशिरा पोहोचलो.

पोहोचलो ते ३० मे १८४५ रोजी. 'फतेल रझाक' नावाचे जहाज कलकत्त्याहून निघून १०३ दिवसांनी पोर्ट ऑफ स्पेनला लागले. त्यात २२५ मजूर होते. उसाच्या मळ्यांवर गुलाम उरले नव्हते, म्हणून पाच वर्षांच्या करारावर ही माणसे आणली गेली. १९१७ पर्यंत त्यांची संख्या १ लाख ४३ हजारांवर गेली. बहुतेक जण आजच्या बिहार-उत्तर प्रदेशातले होते, काही मद्रासकडचे. मुंबईहून त्रिनिदादकडे मजुरांचा असा ओघ गेला नाही. आपल्या रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसे मॉरिशसला गेली. तरीही सेंट जेम्स या वस्तीत कलकत्ता, मद्रास, दिल्ली, लखनौ यांच्या शेजारी बॉम्बे स्ट्रीट आहे. मुंबई तिथे फक्त पाटीवर आहे.

या सेंट जेम्समध्ये दरवर्षी मोहरम होतो. तिथले लोक त्याला 'होसे' म्हणतात. 'हुसेन, हुसेन' या आक्रोशातून आलेला शब्द. ताजियाला 'ताजा' म्हणतात. निशाणांची रात्र, लहान ताज्यांची रात्र, मोठ्या ताज्यांची रात्र आणि मग कर्बलेचा दिवस. कागद, बांबू आणि रंगीत पन्नीचे दोन माणसे उंच घुमट रस्त्यावरून ढकलत नेतात. सोबत दोन भले मोठे चंद्र खांद्यावर घेऊन माणसे नाचतात : लाल हुसेन यांचा, हिरवा हसन यांचा. आणि पुढे वाजतो तो 'तासा'. आपला ताशाच. माझे मूळ गाव सोलापूर जिल्ह्यात आहे. सवारीपुढे ताशा वाजवणारे आमच्याकडे बहुतेक वेळा मुसलमान नसत. त्रिनिदादमध्येही नसतात. ताजे बांधणाऱ्या घरांत हिंदू आहेत, मिरवणुकीत आफ्रिकी वंशाचे लोक आहेत. तिथल्या अनेक सुन्नी मौलवींना हे सारे पटत नाही. ही तक्रार आपल्यालाही अपरिचित नाही.

आता १८८४ कडे येतो. साखरेचे भाव कोसळले होते, मळेवाले मजुरी कापत होते, मळ्यांवर संप होत होते. तीन वर्षांपूर्वी पोर्ट ऑफ स्पेनच्या कार्निव्हलात मशाली घेऊन निघालेल्या काळ्या लोकांची आणि पोलिसांची मोठी चकमक झाली होती. तेव्हा सरकारने १८८४ साली आधी कार्निव्हलातील मशाली, ढोल आणि लाठ्यांचे जथे बंद केले. त्याच वर्षी होसेचीही पाळी आली. ताजे मळ्यांच्या हद्दीत फिरवा, शहरात आणू नका, हमरस्त्यावर येऊ नका, असा नियम निघाला. कारण दिले शांततेचे आणि सुरक्षेचे.

सुखू नावाच्या एका हिंदूने आणि आणखी तीसेक जणांनी नियम मागे घ्यावा म्हणून अर्ज केला. मोहरमसाठी अर्ज करणारा हिंदू! आपल्या पाठ्यपुस्तकांत हा माणूस कुठेच नाही, आणि मला वाटते तिथल्याही फारशा नसेल. अर्ज फेटाळला गेला.

३० ऑक्टोबर १८८४. आशुरा. पोर्ट ऑफ स्पेनच्या दक्षिणेला सुमारे ५५ किलोमीटरवर असलेल्या सॅन फर्नांडो शहराकडे मळ्यामळ्यांवरून ताजे निघाले. दरवर्षी ते शहरातून जाऊन समुद्रात सोडले जात. समुद्र शहराच्या पलीकडे होता, म्हणून शहरात जाणे भागच होते. शहराच्या तोंडाशी, सिपेरो स्ट्रीट आणि मॉन रेपो इथे, पोलीस उभे होते. दंग्याचा कायदा इंग्रजीत वाचून दाखवला गेला. पुढे ताशे वाजत होते, आणि समोरच्या बहुतेकांना इंग्रजी येत नव्हते. मग जमावावर गोळ्या झाडल्या गेल्या. डझनाहून अधिक माणसे ठार झाली, शंभरावर जखमी. मेलेल्यांत हिंदू होते, मुसलमानही. चौकशीला जमैकाचे गव्हर्नर सर हेन्री नॉर्मन यांना बोलावले. त्यांनी सरकारची बाजू उचलून धरली.

मी शिक्षक आहे, मला वर्गात हा प्रसंग शिकवायला आवडेल. जालियनवाला बागेच्या ३५ वर्षे आधी आपल्याच माणसांवर, मिरवणूक काढली म्हणून, दुसऱ्या टोकाच्या बेटावर गोळीबार झाला होता.

आता दुसरी बाजू टाळून चालणार नाही. पर्यटकांना दाखवतात त्या 'रेड हाउस'वर, म्हणजे तिथल्या संसदेवर, २७ जुलै १९९० रोजी जमात अल् मुस्लिमीन या गटाच्या सशस्त्र लोकांनी हल्ला केला. यासिन अबू बक्र हा त्यांचा म्होरक्या. पंतप्रधान रॉबिन्सन यांना ओलीस धरले, त्यांच्या पायात गोळी मारली. सहा दिवस शहर लुटले गेले, जळले. गटातले बहुतेक जण आफ्रिकी वंशाचे नवमुस्लीम होते आणि होसे करणाऱ्या भारतीय वंशाच्या मुसलमानांशी त्यांचे फारसे देणेघेणे नव्हते. पण "ते आमच्यातले नव्हते" एवढे म्हणून आपण सुटतो, हे मला मान्य नाही. दीनाचे नाव घेऊन एका निवडून आलेल्या सभागृहावर बंदुका रोखल्या गेल्या, हा इतिहास आपणच आधी सांगितला पाहिजे. नाहीतर तो दुसरे सांगतात, आणि मग सेंट जेम्समधल्या ताशाचा आवाजही संशयाचा ठरतो.

बंदरापासून गाडीने तासाभराच्या अंतरावर वॉटरलू गावी समुद्रात एक मंदिर आहे. सेवदास साधू या मजुराने साखर कंपनीच्या जमिनीवर ते बांधले, म्हणून ते पाडले गेले आणि त्यांना तुरुंगात टाकले. जमीन तुमची असेल, समुद्र कोणाचा आहे, असे म्हणत त्यांनी सायकलवरून दगड वाहून पाण्यात भराव घातला आणि तिथे मंदिर उभे केले. मळेवाल्यांच्या बेटावर ज्याला जमीन मिळाली नाही तो समुद्राकडे गेला. ताजे घेऊन निघालेल्यांनाही समुद्रच गाठायचा होता.

विद्यार्थी संध्याकाळी जहाजावर सुखरूप परतला. बॉम्बे स्ट्रीटच्या पाटीखाली उभा असलेला त्याचा फोटो आला. हातात 'डबल्स' होते : तळलेल्या दोन मऊ बाऱ्यांमध्ये छोले. इमामुल दीन या मुसलमान विक्रेत्याच्या घरात १९३०च्या दशकात जन्मलेला हा पदार्थ आज साऱ्या देशाची न्याहारी आहे. "सर, आपल्या वड्याची आठवण आली, पण चिंचेची चटणी जास्त गोड," असे त्याने लिहिले. एका घराच्या अंगणात त्याला गेल्या वर्षीच्या चंद्राची बांबूची चौकट दिसली होती. होसे कधी असतो, पुन्हा आलो तर दिसेल का, असे त्याने विचारले.

मी कॅलेंडर काढले. त्रिनिदादला पर्यटक जहाजे मुख्यतः नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये येतात. मोहरम सध्या जून-जुलैत आहे आणि दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०३२ च्या एप्रिलमध्ये दोन्ही गाठ पडतील, असे मी त्याला कळवले.

"सर, तोवर माझे काँट्रॅक्ट संपलेले असेल," त्याचे उत्तर आले.