काफिया, यमक आणि एका विद्यार्थ्याचा प्रश्न

'वृत्त ओळखा' हा प्रश्न फळ्यावर लिहिला की सारा वर्ग माना खाली घालतो, हा मराठीच्या प्रत्येक शिक्षकाचा अनुभव आहे. आमच्या बिद्रीतही त्याला अपवाद नाही. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू असतो, उसाच्या गाड्यांचा आवाज खिडकीतून येत असतो आणि आत आम्ही य-मा-ता-रा म्हणत असतो. असाच एक तास संपल्यावर एक विद्यार्थी माझ्यामागून आला. आपल्याच समाजातला, घरी दखनी बोलणारा, अभ्यासात बरा. म्हणाला, "सर, ह्यो गणांचा हिशेब आमच्यातला न्हवं. आमाला न्हाई जमायचा." मी त्याला विचारले, तुमच्या घरी कव्वाली ऐकतात ना? तो म्हणाला, "आजोबा रोज ऐकतात." मग मी म्हणालो, तर हा हिशेब तुझ्या घरात तुझ्या आधीपासून आहे.

त्या वेळी एवढ्यावरच भागले. परंतु त्याचे 'आमच्यातला न्हवं' हे शब्द मनात राहिले. ही समजूत आपल्या पुष्कळ पालकांचीही आहे. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने काव्यातील काही संज्ञा कोठून आल्या, कशा फिरल्या व आपल्या कोल्हापूरशी त्यांचा संबंध काय, हे थोडक्यात सांगण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम शब्दांचे अर्थच पाहू. संज्ञा पाठ करायची म्हटली की ती दगडासारखी जड होते, पण तिचा मूळ अर्थ कळला की ती ओळखीच्या माणसासारखी बोलू लागते. ओवी म्हणजे ओवलेली. अभंग म्हणजे न भंगणारा. चरण म्हणजे पाय, कारण कविता चालते. अरबांची कविता मात्र तंबूत राहिली. त्यांच्याकडे दोन ओळींच्या पद्याला 'बैत' म्हणतात. बैत म्हणजे घर, तंबू. त्यातील एक ओळ म्हणजे 'मिसरा', अर्थात दुपाखी दाराची एक फळी. दोन्ही फळ्या मिटल्या की घर पुरे होते. वृत्तातील लहान तुकड्यांनाही त्यांनी दोरी आणि खुंटी अशीच नावे दिली. आठव्या शतकात बसरा शहरात खलील इब्न अहमद नावाच्या विद्वानाने या वृत्तांचे शास्त्र बांधले आणि पंधरा वृत्ते सांगितली. बाजारातून जाताना हातोड्यांचे ठोके ऐकून त्याला ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, वृत्त हे आधी कानाचे काम आहे, डोळ्यांचे नंतर, हे तिच्यातून बरोबर कळते. आपल्याकडे पिंगलाने हेच काम त्याच्या कितीतरी आधी केले होते.

गझलेच्या संज्ञाही अशाच बोलक्या आहेत. 'मतला' म्हणजे उगवण्याची जागा, म्हणून पहिला शेर. 'मक्ता' म्हणजे तोडण्याची जागा, म्हणून शेवटचा. 'काफिया' म्हणजे पाठोपाठ येणारा, आणि 'रदीफ' म्हणजे एकाच जनावरावर स्वाराच्या मागे बसलेला दुसरा स्वार. मोटारसायकलवर मागे बसणाऱ्याला आपण जे म्हणू, तेच. काफियाचा शब्द दर शेरात बदलतो, पण मागे बसलेला रदीफ बदलत नाही. व्याख्या पाठ करण्यापेक्षा हे एक चित्र लक्षात ठेवावे.

आता दख्खनकडे येऊ. पन्हाळा शिवाजी महाराजांनी १६५९ साली घेतला तो विजापूरकरांकडून, म्हणजे त्यापूर्वी आपला हा मुलूख आदिलशाहीत होता. त्या गादीवरचा दुसरा इब्राहिम आदिलशाह (कारकीर्द १५८० ते १६२७) स्वतः गाणी रचीत असे. त्याच्या दखनी गीतांच्या ग्रंथाचे नाव 'किताब-ए-नवरस'. नवरस ही भरताच्या परंपरेतली संस्कृत संज्ञा. ती या सुलतानाला इतकी आवडली की विजापूरजवळ वसवलेल्या नव्या नगरालाही त्याने नवरसपूर म्हटले. ग्रंथात सरस्वती आणि गणपतीची स्तवने आहेत. फार्सी राजभाषा असलेल्या दरबारात रस हा शब्द परका ठरला नाही, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे.

उलट दिशेचीही वाहतूक चालू होती. गझल फार्सीतून दखनीत आली. गोवळकोंड्याचा मुहंमद कुली कुतुबशाह आणि पुढे औरंगाबादचा वली यांनी ती देशी बोलीत रुजवली. वली १७०० साली दिल्लीला गेला, तेव्हा उत्तरेकडच्या फार्सी लिहिणाऱ्या कवींना देशी भाषेतही गझल होऊ शकते याचा साक्षात्कार झाला. त्याच औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, अमृतराय (१६९८ ते १७५३) मराठीत कटाव रचीत होते आणि गझलेची चालही त्यांनी मराठीत आणली. त्यांच्या पाठोपाठ मोरोपंतांनी. मोरोपंत म्हटले की आपल्याला आर्या आठवते आणि बारामती आठवते. पण त्यांचा जन्म १७२९ साली आपल्या पन्हाळ्यावरचा. भक्तीची रचना त्यांनी गझलेच्या वृत्तात केली आणि कोणाला काही खटकले नाही. मात्र गझलेचे नियम या दोघांनी घेतले नाहीत, घेतला तो तिचा ठेका.

गझलेला मराठीत शास्त्र मिळाले ते विसाव्या शतकात, आणि तेही बऱ्याच अंशी कोल्हापुरात. माधवराव पटवर्धन म्हणजे कवी माधव ज्यूलियन हे फार्सीचे प्राध्यापक. पुण्यात असताना १९२५ साली त्यांचा फार्शी-मराठी कोश निघाला. १९२८ पासून ते आपल्या राजाराम कॉलेजात होते. १९२९ मध्ये त्यांनी उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या, १९३३ मध्ये 'गज्जलांजली' प्रसिद्ध केली आणि 'छंदोरचना' हा ग्रंथ वाढवून १९३७ मध्ये पुन्हा काढला. त्याबद्दल मुंबई विद्यापीठाने १९३८ साली त्यांना डी.लिट. दिली. मराठी साहित्यासाठी ती पदवी मिळवणारे ते पहिले. पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी ते वारले.

'छंदोरचने'त फार्सी वृत्ते संस्कृत नावे घेऊन आली आहेत. 'फाइलातुन' चार वेळा म्हणजे गालगागा चार वेळा, हे व्योमगंगा. 'मफाईलुन' चार वेळा म्हणजे लगागागा चार वेळा, हे वियद्गंगा. ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू. ही सोय मोठी होती, कारण त्यामुळे मराठी विद्यार्थ्याला अरबी शब्दांशी झगडावे लागले नाही. पण तिची किंमतही होती. नावे बदलल्यावर ही वृत्ते कोठून आली हे दोन पिढ्यांत विसरले गेले, आणि आनंदकंद हे नाव वाचणाऱ्या मुलाला, त्याच्या आजोबांच्या कव्वालीतले वृत्त तेच असू शकते, हे कळेनासे झाले. आयुष्याच्या उत्तरार्धात माधवरावांनी भाषाशुद्धीचा कैवार घेतला आणि आपल्याच जुन्या कवितांतले फार्सी शब्द वेचून काढले. ज्याने कोश केला त्यानेच हे करावे, याचे मला वाईट वाटते. तरीही फार्सी छंदाचे दार मराठीला त्यांनीच उघडून दिले, हे विसरून चालणार नाही.

त्यांच्या 'गज्जले'त एक उणीव राहिली. गझलेतील प्रत्येक शेर स्वतंत्र असतो, दोन ओळींत त्याचे घर पुरे होते. माधवरावांच्या रचना बहुधा एकाच भावाच्या सलग कविता असतात. ही गोष्ट मराठीला ठासून सांगितली ती अमरावतीच्या सुरेश भटांनी (१९३२ ते २००३). त्यांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली आणि तिच्यात मतला, शेर, काफिया, रदीफ हे शब्द जसेच्या तसे ठेवले. 'एल्गार' हे त्यांच्या १९८३ च्या संग्रहाचे नावही फार्सीतूनच मराठीत आलेले. भटांची मराठी मात्र इतकी घरची की ती गावोगावच्या माणसांनी ऐकली. आज खेड्यातला नवा कवीसुद्धा 'माझा काफिया चुकला' असे सहज म्हणतो.

येथे एक खुलासा करतो, कारण परीक्षेत घोटाळा होतो. काफियाला मराठीत यमक म्हणतात, पण संस्कृतात यमक म्हणजे निराळीच वस्तू : तीच अक्षरे पुन्हा येतात आणि अर्थ बदलतो. मराठीत त्याच शब्दाचा अर्थ सरकून ओळीअखेरचा ध्वनिमेळ असा झाला. तेव्हा संज्ञासुद्धा गाव बदलतात.

त्या विद्यार्थ्यासाठी मी दुसऱ्या दिवशी फळ्यावर चार ओळी लिहिल्या. कविता म्हणून त्यांची किंमत नाही, हिशेब म्हणून पाहाव्यात :

बैलास चाल ठावी, गाडीस वाट आहे
वाऱ्यासवे उसाची रानात लाट आहे

कोणी विचारले की, मुक्काम दूर का हो?
दारात या घराच्या आता पहाट आहे

पहिला शेर मतला, कारण त्याच्या दोन्ही ओळींत मेळ आहे. वाट, लाट, पहाट हे काफिये. 'आहे' हा रदीफ, मागे बसलेला. दुसऱ्या शेरात उसाचा पत्ता नाही, तरी चालते. तो स्वतंत्र आहे. 'पहाट'च्या जागी 'पीठ' घातले तर चालणार नाही, कारण ट आणि ठ यांचा फरक तर आहेच, शिवाय आधीचा 'आ' हा स्वरही गेला. वृत्त आनंदकंद : गागालगा लगागा, गागालगा लगागा. फार्सीवाले हीच ओळ 'मफऊलु फाइलातुन' अशी दोनदा म्हणून मोजतात, म्हणजे गागाल गालगागा. अक्षरे तीच, क्रम तोच, तोडण्याची जागा वेगळी. वर्गातल्या मुलांनी टेबलावर बोटांनी ठेका धरून दोन्ही रीतींनी म्हणून पाहिले तेव्हा शेजारच्या वर्गातून गुरुजी काय चालले आहे ते पाहायला आले.

पुढच्या आठवड्यात तो विद्यार्थी एक वही घेऊन आला. आजोबांच्या आवडीच्या कव्वालीची एक ओळ त्याने देवनागरीत उतरवली होती आणि प्रत्येक अक्षराखाली ल किंवा गा लिहिले होते. दोन ठिकाणी चूक होती, कारण उर्दूत शेवटचा दीर्घ स्वर गरजेप्रमाणे ऱ्हस्व म्हणतात हे मी त्याला सांगितलेच नव्हते. ते सांगितल्यावर त्याने तेथेच उभ्याने खोडून दुरुस्त केले, ओठांत पुटपुटत पुन्हा मोजले आणि वर पाहून म्हणाला, "सर, गालगागा चार येळा. म्हंजे ही व्योमगंगा."