कुर्तुबा की गरनाता?

लग्नाला दहा वर्षे झाली, पण केवळ फिरायला म्हणून आम्ही दोघे कधी घराबाहेर पडलो नव्हतो. दोघेही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षक. उन्हाळ्याची सुटी पेपर तपासणे, नातेवाइकांची लग्ने आणि कधी निवडणुकीचे काम यांत कशी संपते ते कळतही नाही. यंदा जर्मनीत नोकरीला असलेल्या धाकट्या भावाने आग्रह धरला. आठवडाभर त्याच्याकडे राहायचे आणि परतण्यापूर्वी चार दिवस फक्त आमचे, तेही स्पेनमध्ये. त्याची अट एकच होती. चार दिवसांत चार शहरे पालथी घालायची नाहीत. एक शहर निवडायचे आणि तिथे निवांत राहायचे.

इथेच आमचे अडले. नकाशावर ज्यांना कोर्दोबा आणि ग्रॅनाडा म्हणतात, ती आम्हा उर्दूवाल्यांची कुर्तुबा आणि गरनाता. ही नावे आम्ही भूगोलाच्या पुस्तकातून शिकलो नाही. शाळेच्या कपाटातल्या नसीम हिजाजींच्या कादंबऱ्यांतून आणि इक्बालच्या ‘मस्जिद-ए-कुर्तुबा’ या नज्मेतून ती आमच्यापर्यंत आली. दोघांपैकी एकाचा कल गरनात्याकडे, दुसऱ्याचा कुर्तुब्याकडे. गरनाता डोंगराच्या कुशीत, मागे सिएरा नेवादाची बर्फाची शिखरे, बागा आणि कारंजी. कुर्तुबा सपाटीवरचे, पायी हिंडता येईल असे, पण उन्हाळ्यात भाजून काढणारे. आराम हवा असेल तर गरनाता, असे कोणीही म्हणेल. अम्मींनी तर वेगळाच प्रश्न टाकला : “ज्या मस्जिदीत नमाज पढता येत नाही, ती बघायला इतक्या लांब कशाला जायचे?”

शेवटी मास्तरकीच्या सवयीने आम्ही वही काढली. पानाच्या मधोमध रेघ मारली आणि दोन्ही शहरांचा इतिहास समोरासमोर लिहायला बसलो.

सुरुवात गरनात्यापासून केली. तिथल्या नस्री राज्याचा पाया मुहम्मद इब्न अल-अहमर याने तेराव्या शतकात घातला. तोवर अंदलुसची मोठी शहरे एकामागून एक कॅस्टिलच्या राजाच्या हाती जात होती. १२४६ मध्ये इब्न अल-अहमरने राजा फर्डिनंड तिसरा याचे मांडलिकत्व पत्करले, खंडणी कबूल केली, आणि १२४८ मध्ये सेव्हिल पडले तेव्हा त्याची फौज फर्डिनंडच्या बाजूने उभी होती. हे आमच्या कादंबऱ्यांत वाचल्याचे आठवत नाही. अशा रीतीने तगून राहिलेल्या राज्याने पुढे जवळजवळ अडीचशे वर्षे काढली आणि अलहमरा उभारला. यूसुफ पहिला आणि त्याचा मुलगा मुहम्मद पाचवा यांनी चौदाव्या शतकात त्याचे सर्वांत देखणे महाल बांधले. १२ सिंहांचे प्रसिद्ध कारंजे मुहम्मद पाचव्याच्या काळातले. दारो नदीचे पाणी कित्येक किलोमीटर पाटाने आणून डोंगरावर खेळवलेले. पाणचक्कीच्या शहरात वाढलेल्या आम्हाला हे पाणी कसे आणले असेल, याचेच अधिक कुतूहल वाटते. भिंतींवर पुन्हा पुन्हा एकच वाक्य कोरले आहे : अल्लाहखेरीज कोणी विजयी नाही. खंडणी भरणाऱ्या राज्याने हे वाक्य आपल्या भिंतींवर कोरावे, यात श्रद्धा किती आणि स्वतःची समजूत घालणे किती, कोण सांगणार?

नोव्हेंबर १४९१ मध्ये तह झाला आणि २ जानेवारी १४९२ रोजी शेवटचा सुलतान अबू अब्दुल्लाह, ज्याला स्पॅनिश लोक बोअब्दिल म्हणतात, त्याने शहर फर्डिनंड आणि इसाबेला यांच्या हवाली केले. तहात सर्व काही लिहून दिलेले होते. मुसलमानांचा धर्म, त्यांच्या मस्जिदी, मालमत्ता आणि काजींचे न्यायनिवाडे यांना हात लागणार नाही. पण तीन महिन्यांच्या आत, ३१ मार्चला, त्याच अलहमऱ्यातून ज्यूंना देशाबाहेर काढण्याचा हुकूम निघाला. गरनात्याचे पहिले आर्चबिशप तालावेरा हे मवाळ गृहस्थ होते. लोकांना समजावून सांगावे यासाठी ते आपल्या पाद्र्यांना अरबी शिकायला लावत. १४९९ मध्ये कार्डिनल सिस्नेरोस आले आणि तो मार्ग संपला. सक्तीची धर्मांतरे झाली, अरबी ग्रंथांची होळी झाली. १५०२ मध्ये कॅस्टिलच्या सर्व मुसलमानांपुढे दोनच वाटा ठेवल्या गेल्या : बाप्तिस्मा किंवा देशत्याग.

या सगळ्यात आम्हाला सर्वांत जवळचा वाटला तो राजा नव्हे, एक म्हातारा माणूस. १५६७ मध्ये फर्मान निघाले की, मोरिस्को म्हणजे बाप्तिस्मा दिलेल्या मुसलमानांनी तीन वर्षांत अरबी सोडून कॅस्टिलियन शिकावी. पोशाख, हमाम, रीतिरिवाज सगळ्यांवर बंदी आली. फ्रान्सिस्को नून्येज मुले या वृद्ध मोरिस्को सरदाराने त्याविरुद्ध लेखी अर्ज केला. त्याचे म्हणणे साधे होते. पोशाख हा मुलखाचा असतो, धर्माचा नसतो. जेरुसलेमचे आणि माल्टाचे ख्रिस्ती अरबीच बोलतात, म्हणून ते ख्रिस्ती नाहीत काय? आणि ज्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना वीस वर्षांत नवी भाषा येणार नाही, ती तीन वर्षांत कशी यावी? भाषा शिकवण्यावर पोट असणाऱ्या आमच्यासारख्यांना या शेवटच्या प्रश्नाचे वजन कळते. अर्जाचा उपयोग झाला नाही. १५६८ मध्ये बंड झाले, ते १५७१ पर्यंत मोडून काढले गेले आणि गरनात्याचे मोरिस्को देशभर पांगवले गेले. पुढे १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख मोरिस्कोंना स्पेनबाहेर काढले. कागदोपत्री ते कधीचेच ख्रिस्ती झाले होते, तरीही काढले. २०१५ मध्ये स्पेनने हद्दपार ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्व देणारा कायदा केला. मोरिस्कोंच्या वंशजांसाठी तसा कायदा झाला नाही.

आणि गरनाता म्हटले की सर्वांना आठवते ती गोष्ट : शहर सोडताना बोअब्दिल रडला आणि आईने त्याला टोमणा मारला की, मर्दासारखे जे राखता आले नाही त्यासाठी आता बायकांसारखा रड. ही गोष्ट आपल्यापर्यंत येते ती सोळाव्या शतकातील स्पॅनिश बिशप गेव्हारा याच्या लेखणीतून. जिंकणाऱ्यांच्या दरबारात रंगलेली गोष्ट हरलेल्यांच्या नातवंडांनी छातीशी धरावी, याचे नवल वाटते. शाळेतल्या मुलामुलींना ही गोष्ट आम्हीही सांगितली आहे. यापुढे सांगणार नाही.

मग रेघेच्या दुसऱ्या बाजूला आलो. कुर्तुब्याची कहाणी एका निर्वासित तरुणापासून सुरू होते. ७५० मध्ये अब्बासींनी उमय्या घराण्याची कत्तल केली. त्यातून निसटलेला अब्दुर्रहमान उत्तर आफ्रिकेत भटकत अंदलुसला पोहोचला आणि ७५६ मध्ये कुर्तुब्याचा अमीर झाला. ७८५ च्या सुमारास त्याने मस्जिदीचे काम काढले. त्या जागी आधी सेंट व्हिन्सेंटचे चर्च होते आणि अमीराने किंमत मोजून ते घेतले, असे जुने इतिहासकार लिहितात. आजचे संशोधक त्यावर वाद घालतात. जुन्या रोमन इमारतींचे खांब हाताशी होते, पण ते बुटके निघाले. छत उंच नेण्यासाठी कारागिरांनी कमानीवर कमान चढवली, विटा आणि दगड आळीपाळीने लावले. तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या ज्या कमानी जगभर प्रसिद्ध आहेत, त्या अशा अडचणीतून निघालेल्या. दोनशे वर्षांत मस्जिद तीनदा वाढवली गेली. आज तिथे ८५० हून अधिक खांब उभे आहेत.

याच शहरात ९२९ मध्ये अब्दुर्रहमान तिसरा खलिफा झाला. त्याचा मुलगा हकम दुसरा हा ग्रंथवेडा होता. त्याच्या ग्रंथालयात चार लाख ग्रंथ होते असे सांगतात. आकडा फुगवलेला असेल, पण लुब्ना नावाची विदुषी त्याच्या पदरी लेखनिक होती आणि गणितातही पारंगत होती, हे जुन्या चरित्रकोशांत नोंदलेले आहे. शहराच्या एका उपनगरात १७० स्त्रिया कुरआनच्या प्रती लिहीत, अशीही नोंद एका इतिहासकाराने केली आहे. मुलींना आठवीनंतर घरी बसवण्याची भाषा अजूनही कानांवर पडते, तेव्हा ही नोंद फळ्यावर लिहावीशी वाटते. जहरावी या वैद्याने ३० भागांचा ग्रंथ लिहिला आणि त्यात शस्त्रक्रियेच्या हत्यारांची चित्रे काढली. त्याचा लॅटिन अनुवाद युरोपातले वैद्य कित्येक शतके वाचत राहिले.

मस्जिदीच्या अंगणात आजही नारिंगाची झाडे आहेत. स्पॅनिशमध्ये संत्र्याला ‘नारांखा’ म्हणतात. हा शब्द अरबीतून तिथे गेला, अरबीत फारसीतून आला आणि फारसीत आपल्याकडून, संस्कृतच्या ‘नारंग’मधून. ‘शर्करा’ अशीच ‘सुक्कर’ होऊन ‘आसुकार’ बनली. आमच्या पूर्वजांपैकी कोणी अंदलुसला गेले नव्हते. तिथल्या लोकांशी आमचे नाते धर्माचे आणि पुस्तकांचे. पण या दोन शब्दांमुळे ते नाते स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोहोचते.

एवढे लिहून झाले आणि आम्ही थबकलो. कारण कुर्तुबा कोणी बुडवले, हा प्रश्न पुढे होता. फर्डिनंडने शहर घेतले १२३६ मध्ये. पण त्याआधी दोनशे वर्षे ते आतून संपले होते. हकमनंतर सत्ता बळकावणाऱ्या अल-मन्सूरने धर्मपंडितांना खूश करण्यासाठी त्याच ग्रंथालयातले तत्त्वज्ञानाचे ग्रंथ जाळवले. ९९७ मध्ये त्याने सांतियागोच्या चर्चमधल्या घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवरून कुर्तुब्याला आणल्या. १२३६ नंतर फर्डिनंडने त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यांवरून परत पाठवल्या, असे इतिवृत्ते सांगतात. १००९ मध्ये यादवी पेटली. शहराबाहेरचे मदीनत-अज़-ज़हरा हे राजनगर लुटले गेले, जाळले गेले. लुटणारे ख्रिस्ती नव्हते. खिलाफतीच्याच पदरचे सैनिक आणि शहरातलेच लोक होते. १०३१ मध्ये खिलाफतच बरखास्त झाली. तरुण इब्न हज्मने हे सारे भोगले आणि आपल्या घराच्या पडझडीचे दुःख त्याने लिहिले ते ‘तौक-उल-हमामा’ या प्रेमावरच्या ग्रंथात.

दीड शतकाने पुन्हा तेच. कुर्तुब्यात ११२६ मध्ये जन्मलेला इब्न रुश्द हा काजी, वैद्य आणि तत्त्ववेत्ता. ११९५ मध्ये त्याला लुसेना गावी हद्दपार केले आणि त्याचे ग्रंथ जाळले. हुकूम देणारा खलिफा मुसलमान, तक्रार करणारे आलिमही मुसलमान. पुढे माफी मिळाली, पण ११९८ मध्ये तो मराकेशला वारला. त्याचे शव कुर्तुब्याला नेताना जनावराच्या एका बाजूला शवपेटी होती आणि तोल सांभाळायला दुसऱ्या बाजूला त्याचेच ग्रंथ ठेवले होते. हे दृश्य इब्न अरबींनी पाहिले आणि लिहून ठेवले. ते ग्रंथ पुढे हिब्रू आणि लॅटिनमधून युरोपच्या विद्यापीठांत गेले. आपल्या मदरशांत त्यांचे फारसे स्वागत झाले नाही.

वहीच्या दोन्ही बाजू भरल्या तेव्हा आम्हाला उत्तर दिसू लागले. दुसऱ्यांनी आपल्यावर काय अन्याय केला ते गरनाता सांगते. तो अन्याय खरा आहे, त्याचे कागद आहेत, आणि नून्येज मुलेचा अर्ज तर आम्ही वर्गात शिकवणार आहोत. पण गरनात्यासाठी रडायला आमची कौम लहानपणापासून शिकते. त्या रडण्यात स्वतःला काही विचारावे लागत नाही. कुर्तुब्यात विचारावे लागते. पुस्तके कोणी जाळली? विद्वानाला कोणी हाकलले? शेजाऱ्याच्या घंटा आधी कोणी उतरवल्या? आणि त्याबरोबरच, ती पुस्तके आधी कोणी लिहिली, कोणी जमवली, हेही तिथे आठवते. शोक करायला चार दिवस पुरत नाहीत, आणि शोक करून कोणी ताजेतवाने होऊन परतत नाही.

म्हणून कुर्तुबा ठरले. सकाळी ऊन चढण्यापूर्वी मस्जिद, दुपारी खोलीत झोप, संध्याकाळी रोमन पुलावरून वादी-अल-कबीरचे पाणी बघत फिरणे. तिथले लोक या नदीला अजून ग्वादलकिवीर म्हणतात. इब्न रुश्दचा पुतळा जुन्या तटाशेजारी बसलेला आहे. जवळच, वल्लादा ही शायरा आणि इब्न ज़ैदून यांच्या प्रेमाची आठवण म्हणून दोन हातांचे एक शिल्प आहे. दहा वर्षांनी एकत्र फिरायला निघालेल्या जोडप्याला तेही बघायला हवे.

अम्मींना काय सांगायचे हे मात्र बरेच दिवस सुचत नव्हते. १९३३ मध्ये इक्बाल त्या मस्जिदीत गेले, तिथे नमाज पढताना त्यांचे छायाचित्रही आहे. पण आज ते कॅथेड्रल आहे, मुसलमानांना तिथे नमाजेची परवानगी नाही, आणि आम्ही पाहुणे म्हणून जाणार. काल रात्री जेवताना आम्ही त्यांना जहरावीची हत्यारे, लुब्ना आणि कुरआन लिहिणाऱ्या त्या १७० जणींविषयी सांगितले. अम्मींनी शांतपणे ऐकून घेतले. मग ताटे उचलता उचलता म्हणाल्या, “नमाज हॉटेलात पढा. मस्जिदीत जाल तेव्हा त्या बायकांसाठी मनातल्या मनात दुआ करा. त्याला कोण अडवणार?”

तिकिटे काढून झाली आहेत.