रेड्याच्या मस्तकावर उभी असलेली देवी आणि तिच्यामागचे काळवीट

१/
महिषासुरमर्दिनी म्हटले की मराठी माणसाला तुळजापूरची भवानी आठवते: महिषाच्या देहात त्रिशूळ खुपसणारी अष्टभुजा. तमिळ देशातील जुन्या शिवमंदिरांत उत्तरेकडच्या देवकोष्ठात जी दुर्गा आढळते, ती मात्र लढत नाही. रेड्याचे तुटलेले मस्तक पायांखाली घेऊन ती शांतपणे उभी असते. काही शिल्पांत तिच्या एका बाजूस सिंह असतो आणि दुसऱ्या बाजूस चक्क काळवीट. सिंहाचे कारण सर्वांस ठाऊक आहे. काळवीट कोठून आले?

२/
देवीमाहात्म्यातील देवीचे वाहन सिंह आहे, म्हणून उत्तर अन्यत्र शोधावे लागते. संघकालीन तमिळ परंपरेत ‘कोट्रवै’ नावाची एक देवता आहे. ‘कोट्रम्’ म्हणजे विजय. ‘तोल्काप्पियम्’ हा प्राचीन व्याकरणग्रंथ तिचा संबंध शत्रूची गुरे पळवून आणण्याच्या मोहिमेशी जोडतो. रखरखीत, निर्जल ‘पालै’ प्रदेश हे तिचे क्षेत्र. आपल्याकडच्या कित्येक वीरगळांवरही गुरांसाठीच्याच लढाया कोरलेल्या आहेत, तेव्हा हे जग आपल्याला अगदीच परके नाही.

३/
तिचे सर्वांत जिवंत चित्र ‘शिलप्पदिकारम्’ या महाकाव्यात आहे. मदुरेच्या वाटेवर कोवलन आणि कण्णगी एका देवीमंदिरात विसावा घेतात. तेथे एयिनर नावाच्या शिकारी-लुटारू जमातीचा विधी चालू असतो. शालिनी नावाच्या स्त्रीच्या अंगात येते. शत्रूंचे गोठे भरलेले आणि आपले रिकामे, देवीचे देणे फेडलेत कोठे, असा तिचा रोख असतो. मग जमातीतील एका मुलीलाच देवी म्हणून सजवतात. चंद्रकोरीच्या जागी रानडुकराचा सुळा, गळ्यात वाघाच्या दातांची माळ, कमरेला वाघाचे कातडे, हाती धनुष्य. आणि बसायला काळवीट! त्याच सर्गातील स्तुतिगीतांत हीच देवी रेड्याच्या काळ्या मस्तकावर उभी आहे. रानातली विजयदेवता आणि पुराणातली महिषमर्दिनी येथे एकजीव झालेल्या दिसतात.

४/
पाषाणात हा संगम पाहायचा तर मामल्लपुरम. सातव्या-आठव्या शतकांतील पल्लव शिल्पींनी येथे देवी दोन परींनी घडवली. महिषासुरमर्दिनी गुहेतील पट प्रसिद्धच आहे: सिंहारूढ देवी धनुष्य ताणून चालून येते, आणि मनुष्यदेहाचा, रेड्याच्या तोंडाचा महिष गदा सावरत मागे रेलतो. तो अजून मेलेला नाही. पटाची सारी ओढ त्या क्षणात आहे. पर्यटक बहुधा येथेच थांबतात. पण त्रिमूर्ती गुहेच्या बाजूस पाहावे. तेथे अष्टभुजा देवी महिषाच्या मस्तकावर स्थिर उभी आहे. युद्ध संपले आहे.

५/
आता वराह गुहा आणि द्रौपदी रथ. देवीच्या पायांशी दोन उपासक गुडघ्यांवर बसले आहेत. त्यांतील एकाने डाव्या हाताने स्वतःचे केस धरले आहेत आणि उजव्या हातातील शस्त्र मानेशी नेले आहे. तो केस वाहतो आहे, असेही पूर्वी सुचवले गेले. डच विद्वान व्होगेल यांनी १९३१ मध्ये एका लेखात हे शिरोदान असल्याचे मांडले, आणि तेच पटते. वराह गुहेतील शिल्पात सिंह व काळवीट दोन्ही आहेत.

६/
हे केवळ शिल्पातील अतिशयोक्ती समजावे काय? एकट्या शिल्पावरून निर्णय देता आला नसता. परंतु पूर्वी नेल्लोर जिल्ह्यात असलेल्या मल्लम येथे पल्लव राजा कंपवर्मन याच्या काळचा तमिळ शिलालेख आहे. एका माणसाने भटारी देवीसाठी अंगाचे नऊ ठिकाणचे मांस कापून दिले, शेवटी शिर कापले, आणि त्याबद्दल जमीन देण्यात आली, अशी त्यात नोंद आहे. तमिळमध्ये या विधीला ‘नवकंडम’ म्हणतात. भक्ती, पराक्रम आणि मागे राहिलेल्यांच्या पोटाची सोय, सारे एकाच दगडावर. मला तो लेख कोणत्याही शिल्पाहून अधिक अस्वस्थ करतो.

७/
नवव्या शतकाच्या मध्यास विजयालय चोळाने तंजावर घेतले आणि तेथे निशुंभसूदनी देवीची स्थापना केली, असे तिरुवालंगाडू ताम्रपट सांगतात. नव्या सत्तेची पहिली खूण म्हणून युद्धदेवता! पुढे चोळांच्या शिवमंदिरांत मात्र तिची जागा ठरून गेली: अर्धमंडपाच्या उत्तर भिंतीवरचे कोष्ठ. स्वतंत्र, रक्त मागणारी देवी शिवाच्या परिवारात आली. राजसत्तेला तिचे तेज हवे होते, पण चौकटीत बसवलेले, असे मला वाटते. तरी तंजावरजवळच्या पुळ्ळमंगै येथील दहाव्या शतकातील दुर्गा पाहिली की चौकट अपुरी पडल्यासारखी वाटते. पायांखाली महिषाचे मस्तक, बाजूंना सिंह आणि काळवीट, आणि खाली पुन्हा तेच आत्मबली देणारे वीर.

८/
आज त्याच उत्तर कोष्ठांपुढे मंगळवारी-शुक्रवारी राहुकाळात स्त्रियांची गर्दी असते. लिंबू अर्धे कापून, पिळून, साल उलटी करून त्या तिची पणती करतात, आत तूप आणि वात घालतात. लग्न जमावे, घरातले अरिष्ट टळावे, अशी मागणी असते. पणत्यांच्या उजेडात देवीच्या पायाखालचे मस्तक स्पष्ट दिसते.