खिडक्यांचा कारभार कोणाकडे?

संगणकाच्या पडद्यावर एकाच वेळी चार खिडक्या उघडतात, एकीवर दुसरी सरकते आणि टंकलेले अक्षर नेमके हव्या त्या खिडकीत उमटते. हा सारा कारभार पाहणाऱ्या यंत्रणेस ‘विंडो सिस्टिम’ म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज’मुळे हा शब्द घरोघरी पोहोचला, तरी तिला प्रतिस्पर्धी अनेक आहेत. त्यांची तुलना बहुधा दिसण्यावरून होते. खरा फरक मात्र एखादा भाग कोसळला की त्याच्यासोबत आणखी काय कोसळते, यात असतो.

१९८४ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत बॉब शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी ‘एक्स’ ही यंत्रणा घडविण्यास प्रारंभ केला. तिची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये आली आणि तीच पुढे युनिक्स व लिनक्सच्या जगात रूढ झाली. एक्समध्ये पडदा, कळफलक व माऊस यांचा ताबा ‘सर्व्हर’कडे असतो. खिडक्यांच्या चौकटी सांभाळणारा ‘विंडो मॅनेजर’ हा निराळा प्रोग्राम असतो. तो बंद पडला तर चौकटी नाहीशा होतात. खिडकीतले काम शाबूत राहते आणि मॅनेजर पुन्हा सुरू करता येतो. ही रचना भक्कम खरी, पण भाबडीही. एका प्रोग्राममध्ये टंकलेला पासवर्ड दुसऱ्याला सहज वाचता येतो. पडद्याला कुलूप लावणारा प्रोग्रामही इतरांसारखाच एक असल्याने तो कोसळला की दार सताड उघडे! सन कंपनीची ‘न्यूज’ ही यंत्रणा रचनेने अधिक देखणी होती. परंतु एक्स विनामूल्य उपलब्ध होती आणि बाजी तिनेच मारली.

मायक्रोसॉफ्टचा प्रवास उलटसुलट झाला. १९९३ च्या विंडोज एनटीमध्ये खिडक्यांचे काम गाभ्याबाहेरील स्वतंत्र प्रक्रियेत होते. वेग वाढावा म्हणून १९९६ च्या एनटी ४.० मध्ये ते थेट कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे ‘कर्नेल’मध्ये नेण्यात आले. ती स्वतंत्र प्रक्रिया कोसळली तरी संगणक निरुपयोगीच होतो, मग वेगळेपणाचा लाभ काय, असा कंपनीचा युक्तिवाद होता. तो अगदीच चुकीचा नव्हता. पण ग्राफिक्स ड्रायव्हरमधील सदोष ओळ आता थेट निळ्या पडद्याला निमंत्रण देऊ लागली. २००७ च्या व्हिस्टाने ड्रायव्हरचा मोठा भाग पुन्हा गाभ्याबाहेर काढला. ग्राफिक्स चिप अडकली तर ती नव्याने सुरू होते, पडदा क्षणभर काळा होतो आणि बहुधा काम पुढे चालते. व्हिस्टाची टिंगल पुष्कळ झाली. हे श्रेय मात्र तिला द्यायला हवे.

मराठी वापरकर्त्यापुढे आणखी एक प्रश्न असतो: अक्षर रेखाटण्याची जबाबदारी कोणाची? पुण्याच्या सी-डॅकने ‘जिस्ट’ कार्डाद्वारे डॉसच्या काळात हे काम हार्डवेअरकडे सोपविले होते. त्यामुळे इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्राममध्येही देवनागरी दिसे. खिडक्यांचे युग आले तसे हे काम सॉफ्टवेअरकडे गेले. एक्सची मूळ फॉण्टव्यवस्था ‘एक संकेत, एक आकृती’ या गृहीतकावर उभी होती. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी काढणे किंवा जोडाक्षर घडविणे तिच्या आवाक्याबाहेरचे होते. उपाय निघाला तो अक्षरे रेखाटण्याचे काम एक्सकडून काढून घेऊन. लिनक्सवर ‘पँगो’ व पुढे ‘हार्फबझ’, तर विंडोज २००० मध्ये ‘युनिस्क्राइब’ या स्वतंत्र संग्रहांनी ते पेलले. देवनागरीच्या दृष्टीने पाहता, अक्षरांच्या बाबतीत कमीत कमी ढवळाढवळ करणारी यंत्रणाच सोयीची ठरली.

२००८ मध्ये क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी सुरू केलेली ‘वेलँड’ याच वाटेने पुढे गेली. तिच्यात प्रत्येक प्रोग्राम आपली खिडकी स्वतः रंगवतो. ‘कंपॉझिटर’ फक्त त्या एकत्र मांडतो. टंकलेली कळ सक्रिय खिडकीलाच कळते. फेडोराने २०१६ मध्ये आणि उबुंटूने २०२१ मध्ये तिला पहिले स्थान दिले. (उबुंटूने त्याआधी २०१७ मध्ये तो प्रयोग करून माघारही घेतली होती.) मात्र इथे सर्व्हर व विंडो मॅनेजर एकच असल्याने कंपॉझिटर कोसळला की सगळ्या खिडक्या जातात. २०२४ मध्ये आलेल्या केडीईच्या प्लाझ्मा ६ ने यावर तोडगा काढला: क्यूटी संग्रहावर बेतलेले प्रोग्राम, नव्याने उभ्या राहिलेल्या कंपॉझिटरला पुन्हा जोडले जातात.

इन्स्क्रिप्ट कळफलक वापरणाऱ्यांचे या बदलात फारसे बिघडत नाही, कारण एक्समधील कळफलकांची आराखडापद्धती वेलँडने कायम ठेवली आहे. ध्वन्यनुसारी पद्धतीने, म्हणजे रोमन अक्षरे टंकून मराठी उमटविणाऱ्यांनी मात्र आपला नेहमीचा प्रोग्राम आधी तपासून पाहावा. या पद्धतीला कंपॉझिटर आणि प्रोग्राम या दोघांचेही सहकार्य लागते, आणि ते सर्वत्र सारखे मिळत नाही.