झेंडेवाला पुढे, गाडी मागे

आपल्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी दोन आहेत. एक मोरगाववाली, दुसरी सडकवाली. सडक हा शब्दही मोटारीपेक्षा जुना बरं का. कोहमारा, देवरीवरून जाणारा आपला हायवे म्हणजे जुना ग्रेट ईस्टर्न रोड. रायपुरात अजूनही जी. ई. रोडच म्हणतात. त्यावर आधी बंड्या चालल्या, माणसं चालली. मोटार मागून आली. नॅशनल हायवे ६ चा ५३ तर २०१० च्या नव्या क्रमांकांत झाला.

आता थोडं ब्रिटनला जाऊ. १८६५ चा तिथला कायदा ऐकून हसू येतं. रस्त्यावर वाफेचं इंजिन चालवायचं, तर त्याच्यापुढे ५५ मीटरवर एक माणूस लाल झेंडा घेऊन पायी चालणार. वेग गावाबाहेर ताशी साडेसहा किलोमीटर, गावात त्याच्या निम्मा. म्हणजे गाडीने माणसाच्या चालीने जायचं!

पुढे अटी सैल होत गेल्या. १७ ऑगस्ट १८९६ ला लंडनमध्ये ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची बाई मोटारीखाली गेली. ब्रिटनमधला पादचाऱ्याचा हा पहिला मोटारबळी. आणि गंमत नाही, चीड येते: त्याच वर्षाअखेर हलक्या मोटारींपुढे माणूस चालवायची अटच काढून टाकली.

पण ते ५५ मीटर लक्षात ठेवा. ताशी ८० ने जाणारी कार ड्रायव्हरला धोका दिसल्यापासून पूर्ण थांबेपर्यंत आजही साधारण ५३ मीटर घेते, तेही रस्ता कोरडा असताना.

आपल्याकडे मोटार कायदा १९१४ ला आला, मग १९३९, मग १९८८. २०२२ मध्ये देशात अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी. झेब्रा क्रॉसिंगवर आधी हक्क चालणाऱ्याचा, हे नियमात आहे. पण टोलीवर झेब्रा कुठून आणायचा? तिथे लागू पडतं ते २०१७ च्या नियमांतलं दुसरं कलम: पायी चालणारे, सायकलवाले, मुलं, म्हातारे यांची ड्रायव्हरने खास काळजी घ्यायची. झेब्रा असो वा नसो.

रोवणीच्या दिवसांत संध्याकाळी बाया बांधीतून रस्त्याच्या कडेने रांगेत परततात. फुटपाथ नाही, कडेला चिखल, म्हणून डांबरावरून. अंधारात तुमच्या लाइटचा उजेड जिथवर पोचतो, तेवढ्यात गाडी थांबेल इतकाच वेग ठेवा. रांगेतली शेवटची बाई त्या उजेडात सगळ्यात आधी येते.