मस्तानी : कादंबरीतली आणि इतिहासातली

वर्गात मस्तानीचं नाव काढलं की मुलांना दोन गोष्टी आठवतात : पुण्यातलं आइस्क्रीम घातलेलं थंड पेय आणि सिनेमातला नाच. 'पेशव्यांना नादी लावणारी नाचणारीण' हेही कुठून तरी ऐकलेलं असतं. खरी मस्तानी कोण, हे आपल्या घरांतही क्वचितच सांगितलं जातं.

१७२९ मध्ये मुहम्मद खान बंगशने बुंदेलखंडच्या महाराजा छत्रसालांना वेढलं, तेव्हा पहिले बाजीराव मदतीला धावले. मस्तानी त्यांच्या आयुष्यात आली ती बुंदेलखंडातून. ती छत्रसालांची मुस्लिम पत्नीपासूनची मुलगी, असं तिकडची परंपरा सांगते. शनिवारवाड्यात तिच्या नावाचा दरवाजा आजही आहे. पण पेशव्यांच्या घराने आणि पुण्यातल्या कर्मठ मंडळींनी तिला सून मानलं नाही. बाजीराव मोहिमेवर असताना तिला पुण्यात कैदेतही ठेवलं. २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीला बाजीराव वारले आणि पाठोपाठ तीही गेली. तिने विष घेतलं, ती सती गेली, अशा कथा आहेत. ठोस पुरावा एकाचाही नाही. तिची कबर पुणे जिल्ह्यातल्या पाबळला आहे.

तिच्या मनात काय चाललं असेल, हे कागदपत्रं सांगत नाहीत. ती जागा ना. सं. इनामदारांच्या 'राऊ' (१९७२) या कादंबरीने भरली. बदनाम नावामागे एक माणूस आहे, हे मराठी वाचकाला तिथे जाणवलं. मात्र याच कादंबरीवरच्या २०१५ च्या चित्रपटात काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतात, त्याला इतिहासाचा आधार नाही. म्हणून आम्ही मुलांना सांगतो : कादंबरी जरूर वाचा, पण तिला दाखला समजू नका.

मस्तानीची सर्वांत मोठी साक्ष तिचा मुलगा देतो. आई गेल्यावर शमशेर बहादूर पेशव्यांच्याच घरात, काशीबाईंच्या देखरेखीखाली वाढला. मुंजीचा हक्क नाकारला गेलेला हा मुलगा मुसलमान म्हणून जगला आणि १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला. तिथल्या जखमांनीच तो गेला. बांद्याचे नवाब त्याचे वंशज. त्यांच्यातले दुसरे अली बहादूर १८५७ च्या उठावात इंग्रजांविरुद्ध उभे राहिले.

'तुम्ही इथले कुठले?' असं आपल्या मुलांना कुणी विचारलं, तर हा इतिहास त्यांच्या ओठांवर हवा. पुढच्या सुट्टीत त्यांना पाबळला घेऊन जा. फातिहा पढा आणि तिथेच बसून ही हकीकत सांगा.